यंत्राला न दिसलेलं झाकण

आमच्या आत्याला डोळे मिटून प्लास्टिक ओळखता येतं. मी फुशारकी मारतोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. फुशारकीच आहे ती. डबा हातात घ्यायचा, डोळे मिटायचे, डबा कानाजवळ न्यायचा आणि मधल्या बोटाने एक टिचकी मारायची. कडक डबा काचेसारखा ‘टिंग’ करून उठतो, आणि तो उद्या तडकणार हे आत्याला आजच कळतं. फार मऊ असेल तो ‘ठप्प’ म्हणतो आणि आवाज गिळून टाकतो. मधला जो असतो, जो किंचाळतही नाही आणि कण्हतही नाही, एकच शब्द नीट बोलून गप्प बसतो, तो आत्याचा. डब्याच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात एक आकडा असतो, प्लास्टिकची जात सांगणारा. आत्या तो न बघता सांगते. पाच तर पाच, सहा तर सहा. चुकलेली मी पाहिलेली नाही. पॅकिंगच्या बायका तिला पाठीमागे ‘टिचकीबाई’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतं.

आमचं घर दह्याचं. उतारावर एक लांबट इमारत आहे. तिच्या एका टोकाला आम्ही राहतो आणि दुसऱ्या टोकाला दही लागतं. मध्ये फक्त एक दार. बाबा दूध तापवतात, कोमट करतात, विरजण लावतात. आई ऊबखोली सांभाळते. भरलेले डबे तिथे सहा तास न हलता बसून राहतात, आणि त्या सहा तासांत त्या खोलीजवळ कुणी पाय आपटला तर आई नुसत्या नजरेने त्याला भाजून काढते. डब्यांची सगळी बाजू मात्र आत्याची. ती बाबांची थोरली बहीण. पॅकिंगची खोली तिनेच उभी केली. स्टीलचं लांब टेबल, एक मोठी खिडकी, खिडकीतून टेबलावर पडणारा शांत उजेड आणि टेबलाभोवती नऊ बायका. कुणी पंधरा वर्षं आहे, कुणी अठरा. ‘आमच्या नऊजणी’ म्हणते ती त्यांना, आणि कुणी ‘कामगार’ म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडते.

दह्याची ओळख म्हणजे काळं झाकण. वीस वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला, झाकणं ओतून देणाऱ्या साचेवाल्या दादांकडे काळाच माल शिल्लक होता, म्हणून झाकणं काळी आली. पण पांढऱ्या डब्यावर ते काळं झाकण बसलं आणि आत्या बघतच राहिली. पांढऱ्या बैलाच्या कपाळावर एकच काळा ठिपका असावा, तसं ते दिसत होतं. तेव्हापासून काळंच. दुकानात लोक आमचं नाव विचारत नाहीत. ‘ते काळ्या झाकणाचं द्या’ म्हणतात.

आमच्या चार डब्यांतले तीन डबे शहरातल्या एका मोठ्या दुकानात जातात. एका सोमवारी त्या दुकानाचं पत्र आलं. बाबांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग आत्याच्या हातात दिलं.

पुढच्या महिन्यापासून नियम बदलणार होते. खाण्याचं वेष्टण एकाच जातीच्या प्लास्टिकचं हवं. डबा, झाकण, लेबल, सगळं. आणि ते नुसतं कागदावर चालणार नव्हतं. कचरा निवडण्याच्या केंद्रात जाऊन शंभर डबे आणि शंभर झाकणं तिथल्या पट्ट्यावर सोडायची. डब्यांतले नव्वद आणि झाकणांतली नव्वद यंत्राने बरोबर पकडली, तर केंद्र शिक्का देणार. शिक्क्याचा कागद महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत दुकानात पोचला नाही, तर माल फळीवर लागणार नाही.

आमच्या तेव्हाच्या डब्याचं सांगायचं तर, डबा सहा नंबरचा, झाकण पाच नंबरचं आणि लेबल गोंदाने डकवलेल्या कागदाचं. तीन पोरं, तीन घरांची.

“ताई,” बाबा म्हणाले, “दुकान गेलं तर आपण उपाशी नाही मरणार. दूध सुटं देऊन टाकू. डेअरीची गाडी दारातून उचलते.”

“आणि डबे?”

“सुट्या दुधाला कसले डबे?”

“म्हणजे माझी खोली नाही.”

बाबा दाराबाहेर बघायला लागले.

“आणि नऊजणी?”

बाबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो मुळीच मळलेला नव्हता.

मला वाटलं होतं, आत्या खचेल. पण तिने पत्राची चौकोनी घडी केली, खिशात ठेवली आणि तिच्या चेहऱ्यावर अशी चमक आली, की जणू कुणी तिला शर्यतीत धावायला बोलावलं होतं. “बोलव सगळे डबेवाले,” ती म्हणाली. “उद्यापासूनच. बघू कोण काय घेऊन येतं ते.”

मग जे आठ-दहा दिवस गेले, ते मला आयुष्यभर आठवतील. अंगणात गाड्या येत होत्या, जात होत्या. माणसं बॅगा उघडत होती. पॅकिंगच्या टेबलाच्या एका टोकाला डब्यांचा बाजार भरला आणि नऊजणी मान वर न करता, पण दोन्ही कान तिकडे लावून, काम करत राहिल्या.

एक टायवाला विक्रेता आला. त्याने डबा दोन्ही हातांनी असा टेबलावर ठेवला, जणू आतलं काही सांडेल.

“मॅडम, हा वनस्पतीपासून बनलाय. वापर झाला, की मातीत मिसळून जातो.”

आत्याने डोळे मिटले. टिचकी मारली. “हा बोलत नाही. पुटपुटतो.” डोळे उघडून तिने विचारलं, “माझ्या परसात पुरला तर जाईल मातीत?”

“परसात नाही, मॅडम. त्याला खास भट्टी लागते.”

“ती कुठे आहे?”

“ती... यायची आहे.”

“बरं. डबा पुढे आलाय आणि भट्टी मागून चालत येतेय.” टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी खोकला आला. “आणि चुकून हा दुसऱ्या प्लास्टिकमध्ये मिसळला तर?”

माणूस प्रामाणिक होता. त्याने टायची गाठ सैल केली. “तर त्याचीही नासाडी करतो, मॅडम.”

“वहिनी, किटली आणा.” आमच्याकडे दही भरण्याआधी डबे गरम पाण्याने धुतले जातात. आईने गरम पाणी ओतलं. तो डबा आधी एका बाजूला कलला, मग त्याचा काठ लाटेसारखा झाला आणि शेवटी तो सावकाश, फार सभ्यपणे, टेबलावर आडवा झाला.

“साहेब,” आई म्हणाली, “याला चक्कर आली.”

टायवाला स्वतःच हसायला लागला. आईने त्याला चहा दिला, आणि जाताना दोन डबे दहीही दिलं.

दुसरा एकजण बाहेरून कागद आणि आतून प्लास्टिक असलेला डबा घेऊन आला. आत्याने नखाने त्याची दोन्ही कातडी सोलून वेगळी केली आणि त्याच्या हातात ठेवली, एक डाव्या, एक उजव्या. तो बॅग बंद करून गेला. असे अकरा झाले.

बारावा होता तो टेम्पोतून आलेला एक अबोल माणूस. त्याने काही सांगितलंच नाही. डबा ठेवला आणि बाजूला उभा राहिला. पाच नंबरचा होता, आणि लेबल चिकटवलेलं नव्हतं. डबा ओततानाच साच्यात पाचच नंबरची पातळ फिल्म ठेवून ती त्यात एकजीव केलेली होती. आत्याने डोळे मिटले. टिचकी मारली. परत मारली. मग बोटांनी डब्याची कड पिळली, गरम पाणी ओतलं, रिकामा करून शीतखोलीत ठेवला, दुपारी काढून काठोकाठ भरला आणि टेबलावरून खाली ढकलून दिला. डबा पडला, एक गिरकी घेतली आणि उभा राहिला. पाणी सांडलं, पण डबा तडकला नाही.

“जावई मिळाला गं!” आत्या ओरडली. नऊजणींनी टाळ्या वाजवल्या. तो अबोल माणूस कानापर्यंत लाल झाला.

“आणि झाकण, वन्सं?” आईने विचारलं.

“झाकण आपलंच. तेही पाच नंबर. सख्खी भावंडं झाली आता.” तिने आमचं काळं झाकण नव्या डब्यावर दाबलं, टिचकी मारली, मान डोलावली.

बाबांनी मान डोलावली. आईने डोलावली. मीही डोलावली. जिथे टिचकीबाई डोळे मिटून हो म्हणते, तिथे डोळे उघडे ठेवून बघायची आमच्या घरात कुणाला सवयच राहिली नव्हती.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी आम्ही केंद्रावर गेलो. गाडी मी चालवत होतो. मागे शंभर डबे, शंभर झाकणं, आणि बाबांच्या मांडीवर दुकानाचं पत्र. आत्या खिडकीशी बसून गुणगुणत होती.

केंद्र म्हणजे एक प्रचंड शेड. आत शिरलं, की आधी आवाज अंगावर येतो, मग वास, मग डोळ्यांना उमगायला लागतं. डोंगराएवढ्या ढिगातून कचरा वर चढतो, चाळण्यांतून खाली पडतो, आणि उरलेलं प्लास्टिक एका रुंद पट्ट्यावरून नदीसारखं धावत सुटतं. पट्ट्यावर एक लोखंडी कमान आहे, तिच्यात दिवे. कमानीखालून वस्तू गेली, की पुढच्या क्षणी खालून हवेचा फुत्कार येतो आणि वस्तू उडी मारून आपापल्या खणात पडते. फट, फट, फट. शेतात चालताना पायांपुढून टोळ उडावेत तसं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. आत्याही.

पट्ट्यापाशी काम करणारी एक मुलगी होती, कानांवर जाड गोल टोप्या घातलेली. तिने एक टोपी वर केली. “मावशी, झाकणं काढून वेगळी सोडायची. लोक ती काढूनच टाकतात.”

डबे गेले. फट, फट, फट. एकामागून एक पांढरे डबे उडत होते आणि पाच नंबरच्या खणात पडत होते. बाबा ओठांतल्या ओठांत मोजत होते. अठ्ठ्याण्णव! आत्याने बाबांच्या पाठीत असा धपाटा घातला, की पत्र खाली पडलं.

मग झाकणं सोडली. ती कमानीखालून गेली. आम्ही वाट बघितली. फुत्कार नाही. उडी नाही. आमची शंभर काळी झाकणं, अगदी रांगेत, कुणाला न विचारता, पट्ट्याच्या टोकाला गेली आणि तिथे खाली उकिरड्याच्या पिंजऱ्यात पडली.

“यंत्र बंद पडलं का गं?” आत्याने विचारलं.

“नाही, मावशी. चालू आहे.” मुलीने पट्ट्याकडे बोट केलं. “दिवा वस्तूवर उजेड टाकतो. उजेड परत येतो, त्यावरून यंत्राला जात कळते. तुमच्या झाकणात काजळीचा रंग आहे. काजळी उजेड गिळते. परत काहीच येत नाही.”

“म्हणजे माझं झाकण त्याला आवडलं नाही?”

“दिसलंच नाही. त्याच्या लेखी पट्टा मोकळाच होता.”

आत्या पिंजऱ्यापाशी गेली. वाकून एक झाकण उचललं. मला वाटलं ती टिचकी मारेल. तिने मारली नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, डोळे पूर्ण उघडे ठेवून, वीस वर्षांत पहिल्यांदा.

“मी ऐकलं,” ती म्हणाली. “बघितलंच नाही.”

बाबा म्हणाले, “जाऊ दे ताई. आपल्यापैकी कुणाला सुचलं?”

“कुणाला सुचायचं कारण नव्हतं. काम माझं होतं.” मग ती त्या मुलीकडे वळली. “पोरी, परत चाचणी कधी मिळेल?”

मुलीने वही पाहिली. “शुक्रवारी सकाळी नऊला एक जागा आहे. नंतर थेट पुढचा महिना.”

“लिही आमचं.”

“मावशी, दीड दिवसात झाकणं?”

“तू लिही तर!”

साचेवाल्या दादांचं वर्कशॉप आमच्याच रस्त्यावर आहे, पुलाच्या अलीकडे. गुरुवारी सकाळी सातला आत्या, आई, बाबा आणि मी त्यांच्या दारात उभे होतो. दादा अजून दात घासत होते.

“बिनरंगाची?” ते ब्रश तोंडातच ठेवून म्हणाले. “एवढंच ना? रंग नाही टाकला, की झाली बिनरंगी. कच्चे दाणे आहेत माझ्याकडे, अर्धं पोतं.”

दाणे पांढरट होते, साबुदाण्यासारखे गोल, हातातून सुळकन निसटणारे. दादांनी यंत्र तापवलं. दाणे वरून नरसाळ्यात पडतात, आतला लांब स्क्रू त्यांना पुढे ढकलत वितळवतो, साचा मिटतो, उघडतो, आणि चार झाकणं एकदम खाली पडतात. पहिली चार पडली. काळी. पुढची चार, काळी. वीस वेळा साचा उघडला आणि काळा थोडा फिकट झाला. रात्र संपून पहाटेचं झुंजुमुंजू व्हावं तसा. मग राखाडी. मग धुरकट. आत्या प्रत्येक झाकण खिडकीशी धरून बघत होती.

“आता आणखी काय हवंय?” दादा म्हणाले. “ढगासारखं झालंय.”

“ढगातही काजळी आहे. हे बघा, रेघ.”

रेघ होतीच. झाकणाच्या मधोमध, केसाएवढी, काळी. दहा झाकणं चांगली यायची आणि अकराव्यात परत रेघ. आत्याने केंद्रावर फोन लावला. “पोरी, थोडं राखाडी चालेल का गं?” पलीकडून ती मुलगी म्हणाली, “मावशी, मी कसं सांगू? जितकी काजळी कमी तितकं बरं. यंत्र काय म्हणेल ते यंत्रच जाणे.”

अर्ध्या पोत्याचं पाव पोतं झालं. मग पावाचंही निम्मं.

“थांबवा,” आत्या म्हणाली. “दादा, ही रेघ कुठून येते?”

दादांनी यंत्राच्या पोटावर हात फिरवला. “आतून. वीस वर्षं काळंच ओततोय. स्क्रूवर थर बसला असणार. तो थोडा थोडा सुटतो.”

“मग काढा स्क्रू.”

“अहो ताई! हे यंत्र मी घेतल्यापासून उघडलेलं नाही. उघडलं आणि परत बसलं नाही तर? माझं पोट यावर आहे.”

आत्या एका उलट्या क्रेटवर बसली. तिने आवाज चढवला नाही. “दादा, काळी झाकणं यापुढे कुणाला विकणार? आज मला नियम लागलाय, उद्या तुमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना लागेल. हे पोट आज नाही उघडलं, तर ते आपोआप बंद पडणार आहे.”

दादांनी मिशी ओढली. बाबांकडे बघितलं. “तुमची बहीण नेहमी अशीच?”

“लहानपणापासून,” बाबा म्हणाले. “मी सवयीने जिवंत आहे.”

“पाना आण रे तो,” दादा मला म्हणाले, आणि आमच्या अंगात वारं शिरलं!

नटबोल्ट सुटले. गरम लोखंडाचा वास पसरला. दादा आणि बाबा, दोघांनी जाड हातमोजे घालून स्क्रू बाहेर ओढला. माणसाच्या उंचीचा होता तो, आणि टोकापासून टोकापर्यंत कोळशासारखा काळा. वीस वर्षांची सगळी झाकणं त्याच्या अंगावर आपला एकेक पापुद्रा ठेवून गेली होती. तो गरम आहे तोवरच थर निघतो, गार झाला की दगड होतो, असं दादा म्हणाले. मग काय विचारता! पितळी ब्रश, तांब्याची जाळी, चिंध्या. हाताला येईल ते घेऊन पाचजण तुटून पडलो. आई एका बाजूने, आत्या दुसऱ्या. काळे कण उडत होते. नाकं काळी, कपाळं काळी. एका ठिकाणी थर निघाला आणि खालचं पोलाद आरशासारखं चमकलं. आई ओरडली, “वन्सं, दिसलं! खालचं दिसलं!” आणि तिने त्या चमकत्या पट्टीत स्वतःचं काळं नाक बघितलं, आणि ती हसता हसता खालीच बसली.

दुपारी तीनला स्क्रू परत आत गेला. दादांनी शेवटचा बोल्ट आवळला. बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं, थबकलं, आणि मग फिरायला लागलं. दादांनी आत्याला नमस्कारच केला.

“दाणे किती उरलेत?” बाबांनी विचारलं.

“दीडशे झाकणांपुरते. फार तर एकशे साठ.”

पहिली चार, राखाडी. पुढची चार, धुरकट. आम्ही श्वास रोखून साच्याकडे बघत होतो. तिसरी खेप. चौथी. नरसाळ्यातले दाणे खाली जाताना दिसत होते. सातव्या खेपेला झाकणं पडली. त्यांना रंगच नव्हता. थंडीत खिडकीच्या काचेवर श्वास सोडावा आणि जे उमटतं, तसं काहीतरी होतं ते.

आत्याने एक झाकण उचललं आणि टेबलावरच्या वर्तमानपत्रावर ठेवलं. त्यातून खालची अक्षरं वाचता येत होती. तिने खरंच वाचलीही, मोठ्याने: “‘विहिरीचे काम लवकरच सुरू होणार.’ दादा, काजळी गेली!”

एक झाकण नव्या डब्यावर दाबून बघितलं, तर जरा घट्ट बसलं. बिनरंगी माल थोडा जास्त आकसतो, दादा म्हणाले, आणि त्यांनी साचा दोन सेकंद जास्त मिटून ठेवला. पुढचं झाकण हवं तसं बसलं. दाणे संपले तेव्हा आमच्याजवळ एकशे बारा स्वच्छ झाकणं होती. आत्याने एकूणएक झाकण वर्तमानपत्रावर ठेवून तपासलं, आणि अंधार पडायच्या आत आम्ही घरी होतो.

शुक्रवारी नऊच्या ठोक्याला आम्ही शेडमध्ये उभे होतो. दादाही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. पट्ट्यावरच्या मुलीने कानावरची टोपी वर केली. “आणलीत?”

“आणलीत,” आत्या म्हणाली. तिचा आवाज मात्र बारीक झाला होता.

आधी डबे. सत्त्याण्णव. कुणी टाळी वाजवली नाही.

मग झाकणं. पहिलं झाकण कमानीखाली गेलं. उजेड त्याच्यावर पडला. मी पापणी लवू दिली नाही. आणि फट! झाकण असं उडालं, की खणाच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून आत पडलं. “दिसलं!” दादा गरजले. फट! फट! बिनरंगाची झाकणं हवेत चकाकत होती, फेकलेल्या नाण्यांसारखी गिरक्या घेत होती. बाबा मोजत होते, आई मोजत होती, दोघांचे आकडे वेगळे येत होते आणि दोघं एकमेकांवर खेकसत होते. काही झाकणं हलकी म्हणून वाऱ्याने जास्तच उडाली आणि खणाबाहेर पडली. दोन एकावर एक चढून निसटली. प्रत्येक निसटत्या झाकणाबरोबर आत्याचा हात माझ्या मनगटावर आवळत होता.

पट्टा थांबला. मुलगी खणात उतरली आणि झाकणं दहा-दहाच्या चळतीत रचायला लागली. एक चळत. दोन. आठ. नऊ चळती झाल्या. मग तिने खणाच्या कोपऱ्यात हात घातला आणि आणखी एक झाकण काढलं. एकच.

“एक्क्याण्णव,” ती म्हणाली.

आत्याने तोंडावर हात ठेवला. बाबा आणि दादा, दोघे पन्नाशी उलटलेले, एकमेकांच्या गळ्यात पडून नाचायला लागले. आईने त्या मुलीच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. मुलीने शिक्का उचलला, शाईत दाबला, कागदावर मारला. तो ठाशीव, ओला, जांभळा शिक्का बघून मला असं वाटलं, की जगात याच्याइतकं सुंदर चित्र नाही.

बाबांनी कागदाचा फोटो काढून दुकानाला पाठवला. साडेदहा वाजले होते. पाच मिनिटांत खरेदीच्या बाईंचा फोन आला. बाबा उभे राहूनच ‘हो, हो’ म्हणत होते. मग फोन ठेवला आणि म्हणाले, “फळी आपली! फोटो चालेल म्हणाल्या. फक्त विचारत होत्या, झाकण कुठल्या रंगाचं म्हणून लिहायचं?”

“लिहायचंच कशाला?” आत्या म्हणाली. “लोकांना आतलं दही दिसेल.” मग तिने स्वतःच्या फोनवरून पॅकिंगच्या खोलीत लावला. नऊजणी एकदम ओरडल्या, ते शेडच्या आवाजातही आम्हाला ऐकू आलं.

सगळे गाडीकडे निघाले. मी मागे वळून बघितलं, तर आत्या आलीच नव्हती. ती पट्ट्याच्या टोकाला, उकिरड्याच्या पिंजऱ्यापाशी उभी होती. पट्टा परत सुरू झाला होता, आणि गावोगावच्या काळ्या थाळ्या, काळ्या वाट्या, काळी झाकणं, सगळं रांगेने येऊन त्या पिंजऱ्यात पडत होतं. आत्याने हात घालून त्यातली एक थाळी काढली. कुठल्याशा लांबच्या गावातली, कापलेली फळं विकणाऱ्या कुणा घराची होती. तिने चष्मा लावला आणि थाळीच्या कडेवर छापलेला नंबर फोनवर दाबायला लागली.

“आत्या, अगं कुणाला करतेस?”

“थांब रे.” तिने फोन कानाला लावला. “हॅलो? फळांची थाळी तुमचीच ना? मी कोण? मी दहीवाली. नाही, तक्रार नाही हो, थाळी फार सुबक आहे. फक्त ती कुणाला दिसत नाहीये. हो, हो, तुम्हाला दिसते, मला दिसते. यंत्राला दिसत नाही. तुम्हालाही पत्र आलं असेल ना?”

पलीकडून एक बाई फार हळू आवाजात काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही, पण आत्याचा चेहरा मऊ झाला.

बाहेर बाबांनी हॉर्न वाजवला. परत वाजवला.

“तुमची चाचणी कधी आहे?” आत्याने विचारलं, आणि हाताने मला खूण केली, की क्रेट सरकव. मी एक क्रेट ओढून आणली. आत्या तिच्यावर ऐसपैस बसली. “मंगळवारी? मग भरपूर वेळ आहे. आधी मला सांगा, तुमचा साचेवाला कसा माणूस आहे? सांगून ऐकणारा आहे, की त्याला माझ्यासारखी कुणीतरी दारात उभी राहावी लागेल?”